भरलेली बंदूक आणि बागेचं फाटक

नानांनी माझ्या कानाखाली वाजवली तेव्हा माझ्या हातात भरलेली बंदूक होती.

निफाडजवळची नानांची द्राक्षबाग. भर दुपार. मजूर बाया होत्या, नानांचा मुलगा होता, माल बघायला आलेला व्यापारी होता. सगळ्यांनी पाहिलं.

मी फौजेतून नाईक म्हणून रिटायर झालो. घर नाशिकला, आमच्या बौद्ध कॉलनीत. नानांच्या बागेवर राखणीला लागलो. बंदूक माझी, लायसन माझ्या नावावर. माजी सैनिकाला अशी कामं त्या लायसनमुळेच मिळतात. नाना मात्र पाहुण्यांना सांगायचे, 'ही आपली बंदूक अन् हा आपला मेजर.' फौजेतून आलेला प्रत्येकजण इकडे मेजरच. चहाच्या वेळी मात्र मेजरचा कप वेगळा, नळापाशी पालथा घातलेला. आतून जळायचो आणि त्याच कपात चहा प्यायचो.

त्या दिवशी गावच्या बौद्धवस्तीतली एक आजी वारली. जन्मभर याच बागेत घड विरळायला, दाटीचे मणी काढायला यायची. वस्तीतून स्मशानात जायची जुनी वाट बागेच्या कडेने. यंदा नानांनी तिथे फाटक बसवलं. माल परदेशी जाणार, वाटेत माणसं नकोत, म्हणे. अंत्ययात्रा त्या फाटकाशी येऊन थांबली.

आजीचा मुलगा हात जोडून म्हणाला, 'नाना, उघडा ना. म्हातारी तुमच्याच बागंत राबली.'

नाना माझ्याकडे वळले. 'मेजर, फाटकाला हात लावला की घाल गोळी.'

'नाना, त्यांच्या हातात काहीच नाही.'

'घाल म्हणतो ना! सेल्फ डिफेन्स केला म्हणून सांगू. वकील आपला हाय.'

मी समोर पाहिलं. चौघांच्या खांद्यावर तिरडी होती.

फौजेत हे आमच्याकडून घोटून घेतलेलं. आधी ललकारायचं. मग ताकीद. जिवावरच बेतलं आणि दुसरा इलाजच उरला नाही, तरच गोळी. ट्रेनिंग देणारे उस्ताद विचारायचे, 'जान का खतरा किसको है, पहले ये बता.' सीमेवर एकदा ललकारूनही एक म्हातारा चौकीकडे चालतच राहिला. मी घाई केली नाही. त्याच्या घोंगडीखाली कोकरू निघालं. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मला त्याचं तोंड दिसायचं. आणि इथे नानांना वाटत होतं, सेल्फ डिफेन्स म्हणजे माणूस मारून झाल्यावर सांगायची गोष्ट.

मी फाटकाची कडी काढली. इतकंच केलं. तेव्हा नानांचा हात पडला.

'वर्दी घातली म्हंजे जात गेली का रे तुझी?'

माझं बोट ट्रिगरवर गेलं. हो, गेलं. उस्तादांचा प्रश्न डोक्यात होताच. जिवाला धोका कोणाला? मला नव्हता. थोबाडीत बसल्याने माणूस मरत नाही. अपमानासाठी गोळी घालता येत नाही, आणि तेच बरोबर आहे. पण मग त्या अपमानाचं करायचं काय? हे मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

मी बोट काढलं. बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं खिशात टाकली. अंत्ययात्रा माझ्यासमोरून गेली. मग मोटरसायकल काढली आणि थेट पोलीस ठाण्यात गेलो. गोळीचा हुकूम, थप्पड, जातीवरचा शब्द, सगळं तक्रारीत लिहून दिलं.

आता नानांचा मुलगा कॉलनीत येतो. गोड बोलतो. 'मिटवून टाका मेजर. नायतर लायसन जाईल तुमचं.' मजूर बाया आणि तिरडीबरोबरची माणसंही म्हणतात, आम्ही काही पाहिलं नाही. त्यांना तिथेच राबायचंय, मी त्यांना दोष देत नाही. बायको म्हणते, 'पोरगी एकटी कॉलेजला जाते हो.' मलाही भीती वाटते. सीमेवर वाटली नाही इतकी वाटते.

लायसन जाऊ दे. मी कोर्टात उभा राहणार. त्या फाटकावर कोणाच्याही जिवाला धोका नव्हता, तरी नानांनी मला माणसं मारायला सांगितली. हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार. एकटा असलो तरी सांगणार. मिटवणार नाही.