अंदमानचा वाटा

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील, माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. पण दादा गेल्याचा अंदमानातून फोन आला तेव्हापासून वाटतं, हे कुठंतरी लिहून ठेवावं...

दादा माझे चुलत थोरले दीर. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते आहेत हेच आमच्या करडी गावात कुणाला ठाऊक नव्हतं! एका सकाळी एसटीतून पांढऱ्या केसांचा माणूस उतरला आणि आमच्या दारात येऊन म्हणाला, “मैं काले पानीवाले का पोता हूँ।” मी पदर ओढून आतच पळाले.

त्यांचे आजोबा म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचे मोठे भाऊ. इंग्रजांच्या काळात मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, माणसानं त्यांचं जाळं ओढून घेतलं, झटापटीत आजोबांच्या वल्ह्याचा घाव बसून तो माणूस मेला. आजोबांना काळ्या पाण्यावर पाठवलं. तिथून कोण परत येतं? घरच्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची तेरवी, म्हणजे मेलेल्याचं तेरावं, करून टाकली.

दादा सांगायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. पायांत बेड्या, तेलाचा घाणा, जंगल तोडताना तापानं मेलेले सोबती... शिक्षा सरली तेव्हा सरकारनं तिथंच जमीन दिली. आजोबांनी नारळ लावण्याआधी काय केलं असेल? बोडी खोदली, मासे पाळायचं लहान तळं! शिक्षा भोगून सुटलेल्या एका बाईशी लग्न केलं. जमिनीचे मालक झाले तरी लोक कैदीच म्हणत. आणि बोडीत जाळं टाकलं की एक वाटा ते करडीच्या नावानं बाजूला काढायचे, मग ते जिवंत मासे पुन्हा पाण्यात सोडायचे.

आमच्या तलावावरही पाळीवर, म्हणजे बांधावर, घराघराचे माशांचे वाटे मांडतात. दादा आले त्याच आठवड्यात जाळं होतं. वाटे मांडून झाले. दादांनी हळूच विचारलं, “हमारा कौन सा है?”

वाटे मांडणारे सुकाबुवा, गावनात्यानं माझे सासरे, म्हणाले, “तेरवी झालेल्याचा वाटा नाई मांडत, बापू. पाहुणा हायेस, पोटभर जेव. वाटा कायले मांगतं?”

दादांचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून ते त्या वाट्यासाठीच आले होते. मी मोठ्यांसमोर कधी बोलत नाही, पण तोंडातून निघूनच गेलं, “मामाजी, तेरवीनंतर ज्याले लेकरं झाली, तो मेला कसा?”

आधी बाया हसल्या, मग गडी.

“मुकी सून बोलाले लागली,” सुकाबुवा म्हणाले, “आता त मांडाच लागते!”

दादा आपल्या वाट्याचे मासे दोन्ही हातांत धरून पाळीवर लहान पोरासारखे नाचले. “सौ साल का बाकी है, बुवा! एक में नहीं छूटेगा!”

दादा अंदमानला परतले, पण तेव्हापासून दर जाळ्याला अंदमानचा वाटा निघतो. गावात आलेल्या परक्या माणसाला आम्ही तो वाटा रांधून घालतो.

परवा पुन्हा जाळं ओढलं. कुणीतरी म्हणालं, “आता त माणूसच गेला...” सुकाबुवांनी सगळ्यांत मोठी, फडफडती मरळ उचलून अंदमानचा वाटा म्हणून पळसाच्या पानांवर ठेवली. मग दोन्ही हातांनी पाण्यात सोडत म्हणाले, “घे रे दादा. फिटत नाई तोवर मांडत राहू.”