वरच्या खोलीला किती जाड थर?

आमच्या कुवेंपुनगरच्या घराची वरची खोली उन्हाळ्यात भयंकर तापायची. बाबा सोडून सगळ्यांना हे मान्य होतं. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरात राहिलेल्या आमच्या मराठी माणसांचा एक हट्टच आहे: उकाडा असायचा तो मद्रासला, फार तर बेंगळुरात. म्हैसूरला उकाडा म्हणणं म्हणजे घरच्या देवाला नावं ठेवणं. पंखा लावला की तो छताची गरम हवाच खाली ढकलायचा, तरी बाबा म्हणायचे, काय छान वारा आहे!

शेवटी एका मार्चमध्ये आई खाली हॉलमध्ये झोपायला आली.

"मला नाही सोसत ही सेके," ती म्हणाली. उकाड्याला आमच्या घरात हा कानडी शब्दच चालतो.

"म्हैसूरात सेके कुठली? सुम्ने, उगाच काहीतरी बोलायचं," असं म्हणून बाबा एकटेच वर गेले.

सकाळी मात्र त्यांचं तोंड उतरलेलं असायचं. आईशिवाय त्यांना करमत नाही, हे जीव गेला तरी ते कबूल करणार नव्हते. त्याऐवजी त्यांनी थर्माकोलचे मिळाले तेवढे जाड तक्ते आणले आणि छताला आतून चिकटवले. भिंतीतले झरोकेही बुजवून टाकले. का, म्हणून विचारलं तर म्हणे, धूळ फार येते. धूळ! मला हसू आवरेना.

आईनं दारातूनच डोकावून पाहिलं. "साकु हो, पुरे! घराला स्वेटर घालताय काय?"

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, पण बापाला शिकवणं हे वेगळंच काम. पश्चिमेच्या भिंतीतून दुपारभर शिरलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. संध्याकाळी अंगणात गार झुळूक आणि वर भट्टी. मी चिडून सांगितलं, आतलं सगळं काढा, झरोके उघडा. ऊन वरच्या वर अडवायला गच्चीवर थर्माकोलचा बेताचा थर आणि त्यावर पांढऱ्या फरशा पुरेत. अति तिथं माती, हे तुम्हीच शिकवलंत ना?

बाबांनी निमूटपणे मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गच्ची मापली आणि तो कानडीत म्हणाला, "सार, हे सगळं कशाला? आपल्या म्हैसूरात एवढी सेके कुठं असते?"

आता बाबा खूश होऊन मान डोलावणार, असं मला वाटलं. आई कॉफीचे पेले घेऊन जिन्यात उभी होती. ती त्यांना दिसत होती.

"असते," बाबा म्हणाले. "फार असते. हिला झोप लागत नाही. आणि ही खाली गेली की मलाही लागत नाही."

मिस्त्री उगाच टेपकडे बघत राहिला. आईनं दोघांना कॉफी दिली.

काम पुढच्या आठवड्यात सुरू होणार होतं. आई मात्र त्याच दिवशी वर झोपायला गेली.