नात्याचा रकाना

उंब्रजला पेठेच्या टोकाला आमची पिठाची गिरण. तिथं दळण मिळतं आणि बातम्याही मिळतात, असं लोक म्हणत. दळण आमचे मालक बघत, बातम्या मी बघायची. मालक, म्हणजे नाथाजी, पलटणीतनं नायक होऊन घरी आलेले. बोलणं मोजकं. त्यांच्या वाटणीचंही मीच बोलून घ्यायची, त्यामुळं गावात मला रंगूवैनी म्हणण्याऐवजी रेडिओ म्हणणारेच जास्त.

गिरणीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. त्रेसष्ट साली तिथं दोन मास्तरणी भाड्यानं आल्या. थोरल्या बनुबाई, कराडकडच्या सुभेदाराची लेक. उंच, ताठ, चालायला लागल्या की मागची पोरं पळत. धाकट्या उमाबाई सांगलीच्या, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या, गाणं शिकवणाऱ्या. त्यांच्या हातची भाकरी म्हणजे जिल्ह्याचा नकाशा. कुठला कोपरा कुठल्या तालुक्यात गेलाय ते बनुबाई बोट ठेवून दाखवायच्या, आणि तीच भाकरी मटामटा खायच्या. दोघींना किती स्थळं आली आणि परत गेली, याचा हिशेब मला त्यांच्या आयांपेक्षा पाठ होता.

मी बनुबाईंना ‘सुभेदार’ म्हणायची आणि उमाबाईंना ‘कारभारीण’. कारभारीण आज रुसली का, सुभेदारांनी साडी आणली का, असं भिंतीवरनं विचारायची. त्या दोघी हसायच्या. मला काही कळत नव्हतं असं नाही. पण चेष्टेवर नेलं की आपल्याला पुढं काही विचारावं लागत नाही, आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही.

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. पंधरावीस बाया, तिळगूळ, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. मग नाव घ्यायची सुरुवात झाली. कुणी नवऱ्याचं नाव घेताना लाजली, कुणी अडखळली, मी सगळ्यांच्या नकला केल्या. सगळ्यांची पाळी झाल्यावर माझ्या अंगात आलंच. म्हटलं, सुभेदार, तुमी का बसलाय मुक्या? तुमी बी घ्या की नाव. बाया खिदळल्या. लग्न न झालेल्या चाळिशीच्या बाईला नाव घ्यायला सांगायचं, यातली गंमत सगळ्यांना समजली होती.

बनुबाई उठल्या. वर्गात उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

“खडूनं ओढली फळ्यावर रेघ,
उमाचं नाव घेते, दोघींचं घर एक.”

आधी हसू आलं, मग ते मधेच थांबलं. कारण त्या हसत नव्हत्या. उमाबाईंनी हातातला डबा मांडीवर ठेवला होता आणि त्या बनुबाईंच्या तोंडाकडं बघत होत्या. मनुबाई म्हणून आमच्या पेठेतली एक म्हातारी होती, तिनं पुढं होऊन दोघींना कुंकू लावलं आणि ‘चला गं, सांज झाली’ म्हणत उठली. तिच्यामागं सगळ्या उठल्या.

आता माझा गुन्हा सांगते. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत जे कोण येईल त्याला मी ती हकीकत सांगितली. उभं राहून, पदर सारखा करून, आवाज काढून. आठवडाभर दळणाला गर्दी होती. मला वाईट काही करायचं नव्हतं, पण हसू आलं की मला थांबता येत नसे. महिन्याभरात वरच्या कचेरीत एक निनावी अर्ज गेला, की या बाईंच्या वागण्याचा शाळेतल्या मुलींवर परिणाम होतोय. आणि शाळा उघडायच्या आधी बनुबाईंच्या हातात बदलीचा हुकूम आला. माण तालुक्यातली मेंढपाळांची एक वाडी. कराडला एक एस.टी., दहिवडीला दुसरी, पुढं चार मैल पायी. उमाबाई उंब्रजलाच.

गावाला वाटलं, विषय मिटला. पण बनुबाईंनी अर्ज केला. त्यांच्याच शाळेतल्या लालासाहेब गुरुजींची बायको शिक्षिका, तिला दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात आणली होती. नवरा-बायको दोघं नोकरीत असले तर जवळ ठेवायचे, अशी खात्यात पद्धत होती. बनुबाईंनी लिहिलं, की आम्ही दोघी अकरा वर्षं एका घरात, एका संसारात राहतो. जी सवलत जोडप्याला मिळते ती आम्हालाही मिळावी. खाली दोघींच्या सह्या. घर एक असल्याबद्दल दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागणार होत्या, म्हणून कागद घेऊन त्या आमच्याकडं आल्या.

मालकांनी चष्मा लावून कागद पुरता वाचला आणि पलटणीत करत तशी इंग्रजीत सही ठोकली. मी मात्र म्हटलं, उद्या करते. उद्याचा परवा झाला. बायका दळण दुसऱ्या गिरणीत नेतील, अशी भीती. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले, सही केली, आणि गिरणीत केलेल्या नकलांबद्दल सगळं सांगून टाकलं.

“ठाऊक हाय मला,” बनुबाई म्हणाल्या. “पण नाव मी घेतलं होतं, वैनी. तुमी न्हाई.”

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

श्रावणात चौकशीला साहेब आले. भाऊसो म्हणायचे त्यांना, शिक्षण खात्यातले विस्तार अधिकारी. माणूस सरळ. बनुबाई तोवर वाडीला रुजू झाल्या होत्या, त्या रजा काढून आल्या. आमच्या ओट्यावर घोंगडं टाकलं, चहा दिला. रस्त्यावर पाचसहा जण दळणाच्या पिशव्या घेऊन थांबले, पिठाची घाई कुणालाच नव्हती.

भाऊसोंनी फॉर्म काढला. नाव, वय, नोकरीची वर्षं, सगळं भराभरा लिहिलं आणि एका जागी पेन थांबलं. मग ते खाली वाकून हळू बोलले.

“बाई, हितं नात्याचा रकाना हाय. मी मावसबहीण लिवतो. तुमी फक्त न्हाई म्हणू नका.”

“मावसबहिणीला सवलत हाय का नियमात?” बनुबाईंनी विचारलं.

“नियमात न्हाई. पण मी शिफारस करीन. दोघी एकट्या, आधार न्हाई, असं लिवलं तर वरचे दया दाखवतील.”

“लालासाहेब गुरुजींना दया दाखवली होती का, साहेब?”

उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या म्हणाल्या, “बनू, लिहू दे की. एक शब्द तर आहे. शनिवार-रविवारची वाट बघत किती वर्षं काढायची?”

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. मावसबहीण लिहिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? आमच्याकडं तर गावातला निम्मा माणूस कुणाचा ना कुणाचा मावसभाऊ असतो.

बनुबाईंनी उमाबाईंकडं बघितलं. आवाज शाळेतला नव्हता. “तुझ्या आईला आपण सोबतीण म्हणून सांगितलं. गावाला मैत्रीण म्हणून सांगितलं. घर भाड्यानं घेताना लांबची बहीण म्हणून सांगितलं. सरकारला पहिल्यांदाच सांगतोय उमा. तिथं तरी खरं जाऊ दे, असं मला वाटतं. पण अर्ज दोघींचा हाय. तू म्हणशील तर लिहू दे.”

उमाबाईंनी बराच वेळ घोंगड्याचा एक धागा ओढला. मग म्हणाल्या, “नको. मावसबहीण नको.”

“मग काय लिवू?” भाऊसोंनी विचारलं.

“जन्माची जोडीदार,” उमाबाई म्हणाल्या.

साहेबांनी तसं लिहिलं. लिहिताना म्हणाले, कचेरीत मला हसतील. मग माझ्याकडं वळले. शेजारीण म्हणून माझा जबाब हवा होता. रस्त्यावरचे पिशवीवाले सरसावले. रेडिओ आता काय लावतोय ते त्यांना ऐकायचं होतं. माझ्या जिभेवरही दोन चेष्टा तयार होत्या, पण त्या मला नको झाल्या.

मी म्हटलं, “लिवा साहेब. चूल एक हाय. एकीला ताप आला तर दुसरीची शाळा बुडती. भांडण झालं तर दोघी जेवत न्हाईत आन् कोण आधी बोलंल म्हणून वाट बघत बसतात. माझ्यात आन् मालकांच्यात ह्याच्यापेक्षा जास्त काय हाय, ते तुमी मला सांगा. तेवढं वजा करा आन् बाकीचं लिवा.”

कुणी हसलं नाही. मालकांनी गिरणीचा पट्टा काढला आणि लोकांना म्हणाले, आज गिरण बंद.

दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. सदर मागणी नियमात बसत नसल्याने निकाली काढण्यात येत आहे. एवढंच. बनुबाईंनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाल्या, नियमात बसत नाही म्हणूनच तर मागतोय. मे महिन्यात दुसरा अर्ज. आणीबाणीच्या वर्षात तिसरा. तेव्हा मालकसुद्धा म्हणाले, बाई, जरा दमानं. सत्त्याहत्तरला चौथा. उत्तरात प्रत्येक वेळी तेच वाक्य, फक्त तारीख आणि सही वेगळी. तोवर दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की उमाबाई पिशवी घेऊन स्टँडवर उभ्या. कधी माणचा रस्ता धुळीनं दिसत नसे, कधी दहिवडीहून पुढची गाडीच नसे, मग त्या तिथल्या कुणा बाईच्या ओसरीवर बसून रविवारी परत यायच्या, भेट न होता. अशा तीन खेपा फुकट गेल्या त्या वर्षी. चौथं उत्तर आलं त्या आठवड्यात उमाबाईंनी नोकरीचा राजीनामा दिला. सोळा वर्षांची नोकरी. शाळेतल्या मुलींनी निरोपाला गाणं म्हटलं. त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळं चुकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि मालक वाडीला गेलो. उघडा माळ, बाभळी, घरामागं मेंढ्या कोंडायची जाळीची वाघूर. बनुबाई वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. उमाबाई मेंढपाळांच्या बायकांना शिवण शिकवत होत्या. गाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, इथं वर्ग नाही ना माझा. दोघींना एका जागी बघून मला बरं वाटलं आणि मी लगेच चेष्टा केली, की झालं, सुभेदारांची मोहीम फत्ते. बनुबाई हसल्या नाहीत.

“फत्ते कसली, वैनी? गुरुजींच्या बायकोला नोकरी सोडाय लागली का? हिला सोडाय लागली.”

जेवण झाल्यावर पाट पुढं ओढून कागद काढला तो उमाबाईंनी. पाचवा अर्ज. पहिले चार बनुबाईंच्या टपोऱ्या अक्षरात होते, हा उमाबाईंच्या बारीक, तिरक्या अक्षरात. राजीनामा परत घेऊ द्यावा, मला माझ्या जोडीदाराच्या शाळेत नेमावं, जसं इतर शिक्षकांच्या जोडीदारांना नेमता. बनुबाई शेजारी बसून एकेक ओळ वाचत होत्या आणि एकही शब्द बदलायला सांगत नव्हत्या.

मीही वाचत होते. उमाबाईंनी स्वतःच आखलेला नात्याचा रकाना अजून रिकामा होता, तिथं मी नकळत थांबले. उमाबाईंनी पेन शाईत बुडवलं आणि कुणाला न विचारता लिहिलं, जन्माची जोडीदार.