आमच्या साडूंची टेकडी

बोईसरपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत चढण्यासारखं जे जे काही होतं, त्या प्रत्येकावर आमचे थोरले साडू एकदा तरी उभे राहिलेले होते. स्टेशनचा पूल झाला, पेंढ्याची उडवी झाली, वीजकेंद्राच्या बांधकामावरची अर्धवट पाण्याची टाकी झाली. टाकीवरून त्यांना उतरवायला पहारेकऱ्याला शिट्टी फुंकावी लागली होती. साडू मूळचे सोलापूरकडचे. त्या सपाट मुलखात उंच म्हणून काय ते चिंचेचं झाड, आणि लहानपणी त्यावरून पडून हात मोडल्यामुळे तेही त्यांना बंद झालेलं. तेव्हा एकोणीसशे साठच्या दशकात वीजकेंद्राचं काम निघालं आणि साडू तिथे स्टोअरकीपर म्हणून आले, ते उपाशी माणूस पंगतीला यावा तसे आले.

आता पालघरच्या बाजूला खरेखुरे डोंगर काही कमी नाहीत. पण साडूंचा जीव जडला तो बंद पडलेल्या एका दगडखाणीच्या ढिगाऱ्यावर. खडीसाठी खाण खणताना वरची माती आणि मुरूम काढून शेजारी टाकला होता. पुढे खाणीला पाणी लागलं, काम थांबलं, आणि तो लाल ढीग कुणाच्या खिजगणतीत न राहता तसाच पडला. "अहो, एवढा काळदुर्ग उभा आहे तिकडे, तो चढा की," मी एकदा म्हणालो. तर साडू म्हणाले, "मास्तर, त्याला देवाने केलंय, त्याचं तो बघेल. ह्याला कोण आहे?" पालघरच्या शाळेत पंधरा वर्षं भूगोल शिकवूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग दोन पावसाळे साडूंनी त्या अनाथ ढिगाऱ्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. गवताचं बी टाकलं, शेवग्याच्या फांद्या रोवल्या, पायऱ्या खोदल्या. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या रीतसर अर्ज करून मिळवल्या आणि माथ्यावर बाक ठोकलं. वाटेतल्या पहिल्या वळणाला ते 'घाट' म्हणत आणि दुसऱ्याला 'खिंड'. उंची साठ फूट असल्याचं ते सांगत. एकदा बांधकामावरच्या तरुण ओव्हरसियरने फीत लावली, ती बावीस भरली. साडूंनी फितीकडेच संशयाने पाहिलं.

पाहुण्याला घरात चहा मिळत नसे. "वर घेऊ," म्हणून साडू थर्मास काखोटीला मारत आणि पुढे चालू लागत. वर पोचलं की एका डोळ्यानेच दिसणारी दुर्बीण हातात येई. "हं, आता उजवीकडे. तो समुद्र. आता खाली उमरोळी. त्याच्या पलीकडे केळव्याचे माड. दिसले?" केळव्याचे माड माझ्या माहितीत कुणालाही दिसलेले नाहीत. पण "नाही" म्हटलं की साडू पाहुण्याची मान मागून धरून वळवत, म्हणून सगळे "वा! वा!" म्हणत. सत्तरीच्या आमच्या सासऱ्यांनी तर पहिल्याच पायरीवरून "दिसले हो माड!" असं ओरडून आपली सुटका करून घेतली होती.

साडूंच्या धाकट्या बहिणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा कांदेपोह्यांचं पातेलंसुद्धा टेकडीवर गेलं. मुलाचे वडील 'खिंडी'त घसरले आणि त्यांच्या शुभ्र धोतराचा मागचा भाग मुरमाने लाल झाला. पण ते गृहस्थ बाकावर बसले, धाप ओसरेपर्यंत वारा खाल्ला, आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे. विचार करून कळवतो म्हटलं तर पुन्हा चढायला लावाल." ती बहीण आज सुखाने नांदते आहे आणि साडू याचं सगळं श्रेय हवेला देतात.

अशा या टेकडीवर एका उन्हाळ्यात गंडांतर आलं. वीजकेंद्राच्या वसाहतीच्या रस्त्याला भराव हवा होता आणि मुरूम जवळ कुठे होता, तर साडूंच्या टेकडीत. साडूंनी तीन अर्ज केले. तिसऱ्यासोबत बाकावरून दिसणाऱ्या देखाव्याचं रंगीत चित्र जोडलं, त्यात केळव्याचे माड ठळक होते. काही उपयोग झाला नाही. मनोरच्या डोंगरातली वारली माणसं कामाला आली आणि टेकडी पाटीपाटीने उतरू लागली. साडू रोज कामावरून सुटले की तिथे जाऊन उभे राहत. मी चेष्टा करायचं सोडून दिलं.

माती खणताना मधे मातीचाच एक खांब न खणता ठेवायची पद्धत आहे. किती खणलं ते त्याच्यावरून मोजतात आणि माप झालं की तोही पाडतात. हा खांब कुठे सोडायचा, ते मजुरांच्या हातात असतं. टोळीतली जाणती बाई सोमी. रोज येऊन मुकाट उभा राहणारा हा माणूस तिने पाहिला होता. तिने खांब सोडला तो नेमका बाकाखाली. सगळी टेकडी गेली आणि मधे खाली रुंद, वर खाटेएवढा असा एक सुळका उरला. त्यावर थोडं गवत आणि साडूंचं बाक.

साडूंना हर्ष झाला. शिडी लावून ते रोज संध्याकाळी वर जाऊन बसू लागले. मापाला यायचं होतं त्या ओव्हरसियरला. पण त्यानेही त्या बाकावर पुष्कळ चहा प्यायला होता. आज फीत सापडत नाही, उद्या वही ओली झाली, परवा पोट बिघडलं. पाहता पाहता पंधरा दिवस गेले.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. साडू वर होते आणि मजूर गाठोडी बांधून खाली सावलीत बसले होते. काम संपलं तरी ही माणसं इथे कशी, म्हणून साडूंनी वरूनच विचारलं.

"माप नाय झाला, भाऊ," सोमी म्हणाली. "माप झाल्याबिगर मुकादम सोडत नाय. पेरायचा हाय आमाला. पानी येल आता."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमी बसलंव होतं ना वर."

साडू बाकावरून उठले. शिडीवरून उतरले ते थेट ओव्हरसियरच्या खोलीकडे गेले आणि त्याला फितीसकट हाताला धरून घेऊन आले. "मोजा," म्हणाले. "आत्ता मोजा." त्याने मोजलं, वहीत आकडे लिहिले, आणि सोमीने कुदळ उचलली. तेव्हा साडूंनी हात वर केला. मला वाटलं, आता यांचा धीर सुटला. पण ते तिला म्हणाले, "तू कधी वर गेलीस का गं?"

ती गेली नव्हती. त्यांच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. ढीग त्यांनी खाली उभं राहून फक्त खणला होता. साडूंनी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि ती चढली. बाकावर न बसता उभी राहिली, उगवतीकडे तोंड करून. "अगं, तो आमचा डोंगर!" ती ओरडली. "आमच्या पाड्याचा!" मग एकेक करून सगळे चढले. प्रत्येकाने आपापला डोंगर शोधला, कुणी हसलं, कुणी हाका मारल्या.

उजवीकडे बघ, डावीकडे बघ, असं साडू एकालाही म्हणाले नाहीत. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते खाली शिडी घट्ट धरून, मान वर करून, त्या माणसांच्या तोंडांकडे बघत उभे होते. असे साडू मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि त्या दिवसापासून मला ते फार आवडतात.