दाजींचं लपण

जगात माणसं आपण दिसावं म्हणून धडपडतात. माझे दाजी मात्र आपण दिसू नये म्हणून धडपडले आणि त्यापायी अख्ख्या चाकूरला दिसले. शाळेत चित्रकला शिकवायची आणि रविवारी पाखरांचे फोटो काढायचे, हा त्यांचा नाद. आत बसून भोकातून कॅमेरा रोखायचा एक घडीचा तंबू त्यांनी मागवला होता. त्याला ते ‘लपण’ म्हणत. पिशवीतून काढलं की ते फटकन उघडे. मिटायचं मात्र त्याच्या मनात आलं तरच. पहिल्यांदा बैठकीत उघडलं ते तीन दिवस मिटलंच नाही, आले-गेले त्याला वळसा घालून चहा पीत. नायगावच्या एका लग्नात त्यांनी मांडवामागच्या शेतात लपण लावलं, तर वऱ्हाडी मंडळी पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर ओळीनं उभी राहिली. समोर हुदहुद बसलेला, म्हणून दाजी आतून ब्रही काढीनात. शेवटी माझी अक्का, म्हणजे त्यांची बायको, ओरडली, “आत माझा नवरा हाय, त्यो लवकर निघत न्हाई! दुसरीकडं जावा!”

खरं काम अक्काचंच होतं. पाखरांना माणसं मोजता येत नाहीत, असं दाजींचं ठाम मत. लपणापाशी दोघं आली आणि एक निघून गेलं, की त्यांना वाटतं, जागा मोकळी झाली. म्हणून माळावरच्या पाणवठ्याशी दोघं जात, दाजी आत शिरत आणि अक्का चालू लागे. मागं वळून बघायचं नाही, ही सक्त ताकीद. लांबच्या लिंबाखाली ती दोन तास मेथी निवडत बसे. बारा वर्षं ती अशी निघून गेली, म्हणून पखुर्ड्यांसारखी बुजरी पाखरं पाण्यावर उतरली. तिनं ती फक्त फोटोत पाहिली.

“पुढच्या रविवारी तू बस आत,” दाजी म्हणत.

“मी बसल्यावर जाईल कोण?” ती हसायची.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांच्या दुखण्यात अक्का गेली. मला ती आईच्या जागी होती. दाजी एकटे माळावर जाऊन आले, तर पाखरं लांबूनच फिरली. मग मला नांदेडला त्यांचा फोन आला, “येतूस का रे? एक माणूस कमी पडून राहिलाय.”

मी गेलो. पाणवठ्याशी त्यांनी मलाच आत ढकललं. “तू बस. आज मी जातो.”

आणि ते गेले, एकदाही वळले नाहीत. उन्हात त्यांचा पांढरा सदरा बारीक होत गेला. नऊच्या सुमारास पखुर्ड्या आल्या. एक नर पिलांना पाणी न्यायला पोटाची पिसं भिजवत बसला. बारा वर्षं दाजींना हवा होता, तो हाच फोटो. मी काढला.

परत आल्यावर मी कॅमेरा पुढं केला. त्यांनी बघितलासुद्धा नाही.

“मी जाताना हितून दिसत हुतो का?”

“हाव.”

“कुठवर?”

“लिंबापर्यंत. खाली बसलात, तेबी दिसलं.”

दाजी वाकून लपणात शिरले आणि भोकाला डोळा लावून बसले. पाणवठ्यावर तेव्हा एकही पाखरू नव्हतं.

“बारा वरसं रे,” ते आतून म्हणाले, “मी हितून निसती पाखरं बघितली.”

त्यांना एकटं सोडावं असं मला वाटलं, पण पाय निघेना.