तेल निवळेपर्यंत

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी आईने वैतागून ठेवलं आणि ते चिकटलं, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा तिचा एक पाय दाराबाहेर. तिच्याकडे एक जुनी डिझेल व्हॅन होती. त्यात ती इस्पितळाच्या मळक्या चादरी धुलाईला न्यायची आणि धुतलेल्या परत पोचवायची.

नवरा वसतिगृहाच्या खानावळीत आचारी, स्वभावाने अगदी उलट. तळणाचं उरलेलं तेल तो घरी आणी आणि व्हॅन त्यावर चाले. त्याने गाडीला दुसरी टाकी बसवून घेतली होती. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की खटका दाबून तेलावर न्यायची, थांबण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची. नाहीतर तेल नळ्यांमध्ये थिजून बसतं. हे भिंगरीला तोंडपाठ होतं. तेल तयार करणं मात्र आचाऱ्याचं काम. तो ते कापडातून गाळी, पिंपात आठवडेच्या आठवडे निवळू देई आणि फक्त वरचं काढून घेई. मग तापल्या तव्यावर चमचाभर सोडून कान देई. तडतडलं की समजायचं, पाणी राहिलंय.

"तुमचं तेल निवळेपर्यंत मी म्हातारी होईन," ती कुरकुरे.

"हो ना. पण गाडी तरुण राहील."

एके दिवशी आचारी खानावळीच्या ओल्या फरशीवर घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. ती चादरी पोचवायची त्याच इस्पितळात त्याला ठेवलं. भिंगरीचा जीव थाऱ्यावर राहीना. सकाळी बघून आली तरी दुपारी पुन्हा जाई, संध्याकाळी पुन्हा. या फेऱ्यांत निवळलेलं तेल कधी संपलं, तिलाच कळलं नाही.

"दारामागच्या पिंपाला हात लावू नकोस," त्याने खाटेवरून बजावलं होतं. "पडायच्या आदल्या दिवशीच भरलंय."

"नाही लावत."

ऑपरेशनच्या सकाळी डिझेलही तळाला गेलेलं आणि पंप उलट दिशेला. त्याला आत न्यायच्या आधी तिला पोचायचं होतं. तिने ते पिंप उघडलं. तवा ठेवला, पण तापेपर्यंत कोण थांबतंय? गार तव्यावरच तिने चमचाभर सोडलं, ते मुकाट पसरलं. बरंय म्हणून तिने टाकी भरली.

पुलाच्या चढावर इंजिनाने ठसके दिले आणि मान टाकली. डिझेलवर घेऊन पाहिलं, काही नाही. मागून हॉर्नचा गिल्ला. बसचा ड्रायव्हर तणतणत उतरला.

"बाई, गाडी चालवताय की तळण काढताय?"

"शिव्या नंतर द्या, आधी धक्का मारा!"

त्याने बिचाऱ्याने मारला. कडेला घेऊन तिने फिल्टर काढला. आत पांढरट चिखल. नवऱ्याने सीटखाली नवा फिल्टर ठेवलेला, म्हणून निभावलं. तो बसवला, इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबून नळीतली हवा काढली, उरल्यासुरल्या डिझेलवर गाडी कशीबशी पोचवली. वॉर्डात खाट रिकामी होती.

"दाराकडेच डोळे लावून होते हो," शेजारचा पेशंट म्हणाला.

ते तिला फार लागलं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात ती येरझारा घालत राहिली.

"अहो, बसा जरा. फरशी झिजेल," सिस्टर म्हणाली.

ती बसली, उठली, पुन्हा बसली. दार उघडलं तेव्हा नेमकी दुसऱ्या टोकाला होती. धावत आली.

शुद्ध येताच त्याने तिचे काळे हात पाहिले. "टाकीत पाणी गेलं ना?"

"तवा तापायच्या आधीच तेल सोडलं मी. तुम्हाला आत नेतील म्हणून..."

तिचा तो तेलकट हात त्याने धरला आणि सिस्टर ओरडेपर्यंत सोडला नाही.

मेकॅनिकने दोन्ही टाक्या आणि नळ्या धुऊन दिल्या. इंजिन वाचलं. सुट्टी मिळाली तेव्हा तिने आचाऱ्याला व्हॅनमध्ये मागे, चादरींच्या गठ्ठ्यांवर आडवा करून घरी आणलं. प्रत्येक खड्ड्याला वळसा घालत, मुंगीच्या पावलाने.

"अगं, जरा दामट की," तो मागून म्हणाला. "लोक हॉर्न वाजवतायत."

"वाजवू देत," ती म्हणाली. पण पुढचा सिग्नल लाल होता, आणि तिची बोटं स्टिअरिंगवर ताल धरून होती.