बकुळीभोवतीचा कट्टा

आमच्या शिरगावच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. आवाज असा, की जिन्यात बोलल्या तर गच्चीपर्यंत ऐकू जातं. त्यांचे यजमान आनंदनगरच्या कारखान्यात अधिकारी होते. बिल्डिंग नवी असताना त्यांनी गेटजवळ बकुळ लावली आणि बादलीने पाणी घालून वाढवली. ते गेल्यावर काकूंनी त्यांच्या आठवणीसाठी बकुळीभोवती गोल कट्टा बांधून घेतला. वर काळा ग्रॅनाइट, त्यावर त्यांचं नाव. आपल्याकडे माया दाटून आली की माणूस सिमेंट आणतो, त्याला इलाज नाही.

कट्टा मात्र झकास होता. कामावरून आलो की घरात शिरण्याआधी मी तिथे टेकायचो. काकू रोज सकाळी तो फडक्याने लख्ख पुसायच्या, नावावरून जरा जास्तच वेळ हात फिरवायच्या.

मागच्या वर्षी बकुळीचा शेंडा वाळायला लागला आणि आम्ही सगळे रातोरात तज्ज्ञ झालो. कोणी म्हणालं कीड, कोणी म्हणालं ऊन. वॉचमनने तर लिंबू-मिरची बांधली. एक दिवस पुसता पुसता काकूंचं फडकं खोड आणि ग्रॅनाइटच्या मध्ये अडकलं. पूर्वी त्या फटीतून त्यांचा हात आरामात जायचा. आता खोड दगडाला भिडून सालीवर वळ उठले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं, "कट्टा तोडायचा."

तो हबकलाच. "अहो काकू, काकांचं नाव आहे त्याच्यावर. लोक काय म्हणतील?"

मीही मध्ये तोंड घातलं. "आतली कड थोडी कापून घेऊ या का? बसायला जागा राहील."

"बोट सुजलं की अंगठी कापतात, आतून घासत बसत नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि तुम्हाला बसायचंय ना, मग घरून खुर्ची आणा!"

सेक्रेटरीने तिथूनच मजुराला फोन लावला.

तोडायच्या दिवशी त्या घरात बसून राहतील असं मला वाटलं होतं. त्या पहिल्या घावापासून समोर उभ्या होत्या. नावाची फरशी आली तेव्हा मजूर थांबला. "आंटी, ये बचाके निकालूं?"

"निकला तो ठीक. पण झाड को मत लगने दे."

फरशी नावाच्या मधोमध तडकली. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने 'चालू ठेव' अशी खूण केली. एवढी हिंमत माझ्यात नाही, हे मी तेव्हाच मान्य करून टाकलं. मग मुळांना जागा हवी म्हणून त्यांनी शेजारची, काकांच्या स्कूटरची जागाही मोकळी करायला सांगितली. पेव्हर ब्लॉक निघाले, खालची डबर निघाली, तिथे नवी माती पडली.

यंदा बकुळ पुन्हा पालवली. मी आता प्लास्टिकची खुर्ची घेऊन मातीच्या बाहेर बसतो.

पूर्वी नवीन भाडेकरू आले की विचारायचे, कट्टा कोणाच्या नावाचा आहे? परवा एक नवी भाडेकरीण फुलं वेचता वेचता म्हणाली, "किती छान झाड आहे! कोणी लावलं?"

काकू जिन्यात होत्या. तिथूनच, गच्चीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या, "आमच्या ह्यांनी!"